चढ दिसतच नाही, तर बघणारा थांबेल कशाला?

नागपूरच्या हुडकेश्वरहून एका वडिलांचं पत्र आहे: "मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. मित्राच्या जुन्या जिप्सीचे ऑफ-रोडिंगचे व्हिडीओ यूट्यूबवर टाकतो. 26 झाले, 200च्या वर कोणी बघत नाही. आता 60 हजारांचा कॅमेरा मागतो, डिग्री करायची नाही म्हणतो. काय करू?"

नमस्कार. कॅमेरा तूर्त घेऊ नका.

मी त्याचे चार व्हिडीओ पाहिले. मुरुमाच्या खदानीतल्या ज्या चढावर तो ओरडतोय, तो मला सदरच्या उड्डाणपुलाएवढाही वाटला नाही. पोरगा खोटं बोलत नाहीये. वाइड लेन्स चढ सपाट दाखवते, त्यात तो समोरून शूट करतो. महागडा कॅमेराही हेच करेल. बाजूने, खालून, कॅमेरा तिरका न करता शूट करायला सांगा आणि फ्रेममध्ये एखादा मित्र उभा ठेवायला सांगा, म्हणजे उतार कळतो. आवाजात नुसता वारा आहे; त्याला कॉलरचा माइक आणि वरची केसाळ टोपी पुरते. पहिली दोन मिनिटं पेट्रोल पंप आणि चहाची टपरी. ती कापाच!

पण खरी अडचण वेगळी आहे. कन्हानच्या रेतीत गाडी रुतते, चाक फिरतं, सगळे हसतात, गाडी निघते. का रुतली, कशी निघाली, हे तो सांगतच नाही. टायरची हवा 28 वरून 16 पीएसआयवर आणली की टायर रेतीवर पसरतो आणि कमी रुततो. साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) एक चाक हवेत गेलं की तेच गरागरा फिरतं आणि जमिनीवरचं ढिम्म हलत नाही. हे त्याने वर्गात शिकलंय. भंगारातून एक डिफरन्शियल आणून टेबलावर उघडून दाखवला, तेही मराठीत, तर मी स्वतः शेवटपर्यंत बघेन. ज्या डिप्लोमाला तो कंटाळलाय, तेच त्याचं भांडवल आहे.

आता पैशाचं. जाहिरातींच्या वाट्यासाठी 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास बघणं लागतं (शॉर्ट्सची अट वेगळी). 200 जणांनी तीन-तीन मिनिटं पाहिलं तर एका व्हिडीओचे 10 तास. म्हणजे वर्षात असे 400 व्हिडीओ. हा हिशेब त्यालाच कागदावर मांडू द्या, तुम्ही मांडला तर भांडण होईल.

डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. कॉलेज निवडताना तिथली मुलं 'बाहा' स्पर्धेला जातात का, ते विचारा. त्यात विद्यार्थी स्वतः ऑफ-रोड गाडी बांधतात. इंदूरजवळच्या पिथमपूरला या स्पर्धा झाल्या आहेत. गाडी बांधतानाचे सहा महिने म्हणजे व्हिडीओंची खाणच.

एका बाबतीत मात्र कडक राहा. उमरेड-कऱ्हांडला, पेंचकडच्या जंगलात परवानगीशिवाय गाडी घालायची नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972चा आहे, आणि गुन्ह्याचा पुरावा हा पठ्ठ्या स्वतःच अपलोड करणार. जिप्सीचा विमा चालू आहे का, तेही मित्राला विचारून घ्या.

माइक घेऊन द्या. अशा चार व्हिडीओंनंतर लोक कितव्या मिनिटाला निघून जातात, तो आलेख मला पाठवायला सांगा. कॅमेऱ्याचं तेव्हा बोलू.