न आलेल्या तापाचा दाखला

या अंकासाठी निवडलेली तिन्ही पत्रे आजारपणाच्या सर्टिफिकेटविषयी आहेत. एक पत्र ते नाकारणाऱ्या डॉक्टरांचे आहे, दुसरे नकार मिळालेल्या आईचे आणि तिसरे एका दिवसाच्या तापासाठी सर्टिफिकेट आणावे लागणाऱ्या कामगाराचे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण तशाच स्वरूपाची विचारणा अनेक तरुण डॉक्टर माझ्याकडे भेटीतही करतात.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी तीन वर्षांपासून जनरल प्रॅक्टिस करतो. एमबीबीएस झाल्यावर इथल्या एका वयोवृद्ध डॉक्टरांचा दवाखाना मी चालवायला घेतला. गेल्या महिन्यात एका सरकारी कार्यालयातील लिपिक संध्याकाळी आले आणि त्यांनी मागील नऊ दिवसांचे टायफॉइडचे सर्टिफिकेट मागितले. ते नऊ दिवस बहिणीच्या घराच्या बांधकामावर होते, हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले. मी नाही म्हटले. 'आधीचे डॉक्टर कधी नाही म्हणाले नाहीत,' एवढे बोलून ते उठले, आणि तेव्हापासून त्यांच्या घरातले कोणीही, त्यांची मधुमेही आईसुद्धा, दवाखान्यात फिरकलेले नाही. नकार कसा द्यावा, म्हणजे माणूस तुटणार नाही? आणि कायद्याने मी नेमका किती बांधलेला आहे?

उत्तर : आधी त्या आईंबद्दल. आजच त्यांच्या घरी फोन करा, सर्टिफिकेटचा विषय काढू नका, आणि साखर तपासण्याची वेळ झाली आहे, सवडीने येऊन जा, इतकेच सांगा. मुलाच्या कागदावर सही झाली नाही म्हणून आपण आता त्या दवाखान्यात जायचे नाही, असे त्या बाईंनी धरून चालले असेल, तर तो गैरसमज तुमच्याच तोंडून दूर व्हायला हवा. त्या येतीलच असे मी सांगू शकत नाही, पण दार तुमच्या बाजूने उघडे आहे हे त्यांना कळले पाहिजे.

आता कायदा. भारतीय वैद्यक परिषदेचे व्यावसायिक आचरणाविषयीचे २००२ चे विनियम आजही लागू आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे विनियम काढले होते, परंतु ते त्याच महिन्यात स्थगित झाले. या २००२ च्या विनियमांना रजेच्या सर्टिफिकेटचा नमुना जोडलेला आहे, तो एकदा शांतपणे वाचा. त्यात वर रुग्णाची सही किंवा अंगठा आहे, आणि खाली डॉक्टर असे प्रमाणित करतो की, या व्यक्तीला मी काळजीपूर्वक तपासले आहे, तिला अमुक आजार आहे आणि बरे होण्यासाठी तिने अमुक तारखेपासून इतके दिवस कामापासून दूर राहणे नितांत गरजेचे आहे. आपण बोलताना त्याला 'दाखला' म्हणतो आणि त्यामुळे तो रहिवासाच्या दाखल्यासारखा वाटू लागतो, पण प्रत्यक्षात ती आपण डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीची साक्ष आहे. खोटे, दिशाभूल करणारे किंवा अयोग्य प्रमाणपत्र दिल्यास डॉक्टरचे नाव वैद्यक परिषदेच्या नोंदवहीतून काढले जाऊ शकते, अशी तरतूद याच विनियमांत आहे. शिवाय जे प्रमाणपत्र कायद्याने द्यावे लागते किंवा पुराव्यात ग्राह्य धरले जाते, ते खोटे असल्याचे माहीत असूनही त्यावर सही करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३४ खाली गुन्हा आहे, आणि ते खोटे आहे हे ठाऊक असताना खरे म्हणून वापरणे हा कलम २३५ खाली. पूर्वी दंडसंहितेत हीच कलमे १९७ आणि १९८ होती. म्हणजे त्या संध्याकाळी तुम्ही स्वतःबरोबर त्या लिपिकांनाही वाचवले, आणि पुढच्या वेळी कोणी आले तर हे त्याला धमकीच्या सुरात न सांगता काळजीने सांगावे.

लोक सर्टिफिकेट का मागतात, हेही समजून घ्या, कारण ते कळले की बोलणे सोपे जाते. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे कर्मचाऱ्याच्या खात्यावर वर्षाला २० दिवसांची अर्धवेतनी रजा जमा होते. ती तशीच घेतली तर पगार निम्मा होतो, पण वैद्यकीय प्रमाणपत्र जोडले तर दोन दिवसांच्या अर्धवेतनी रजेच्या बदल्यात एक दिवस पूर्ण पगाराची परिवर्तित रजा मिळते. बरीच वर्षे नोकरी झालेल्या माणसाच्या खात्यावर ही रजा भरपूर साठलेली असते, नैमित्तिक रजा मात्र जूनपर्यंतच संपलेली असते. 'मेडिकल टाकतो' हे शब्द त्यातूनच कार्यालयांत रुळले. त्या लिपिकांना तुम्ही असे म्हणू शकला असता : 'बहिणीच्या घरासाठी तुम्ही थांबलात, यात वाईट काहीच नाही. त्यासाठी अर्जित रजेचा अर्ज करा, कारण खरे लिहा, उशीर झाला असेल तर साहेबांना प्रत्यक्ष भेटा. पण त्या नऊ दिवसांत मी तुम्हाला पाहिलेले नाही, आणि जे मी पाहिले नाही त्याखाली माझी सही होत नाही.' एवढे पुरे. त्यापुढे सबबी सांगू नका. लेटरहेड संपले आहे, शिक्का घरी राहिला आहे, अशी उत्तरे देणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. त्यांच्याकडे तोच माणूस चार दिवसांनी पुन्हा येतो, आणि तेव्हा नकार देणे दुप्पट अवघड जाते. नकार भरलेल्या दवाखान्यात, चार माणसांसमोरही देऊ नये. आत बसवावे, दार लोटून घ्यावे, आणि बोलणे झाल्यावर रक्तदाब तरी तपासूनच पाठवावे.

मात्र 'नाही' म्हणण्याआधी एक प्रश्न नेहमी विचारा : काय झाले आहे? काही वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका सकाळी तिशीतला एक कामगार माझ्याकडे आला आणि जुलाबाचे चार दिवसांचे सर्टिफिकेट मागू लागला. पोट तपासले तर मऊ होते, जीभ ओली होती, जुलाबाचे एकही लक्षण नव्हते. तरीही मी त्याला सोडले नाही, कारण रजिस्टरमध्ये सही करायला त्याच्या हाती पेन दिले, तेव्हा पेनाचे टोक कागदावर टकटक वाजत राहिले आणि सहीचे पहिले अक्षरही उमटेना. बाहेर थंडी असून शर्टाची कॉलर घामाने भिजली होती. नाडी मोजली तर १२० च्या वर होती. पाच-सहा मिनिटे गेल्यावर तो खाली पाहत म्हणाला की, दोन दिवसांपूर्वी दारू एकदम बंद केली आहे, झोप नाही, आणि या हातांनी मशीनवर उभे राहायची भीती वाटते. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक सोडली की पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढे भ्रमही होतो, आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर त्यात माणूस दगावू शकतो. त्याला त्याच दिवशी रुग्णालयात भरती केले. त्या माणसाला खोटा आजार हवा होता, कारण खरा आजार सांगायची त्याला लाज वाटत होती. मी दारातूनच 'खोटी सर्टिफिकेटे मी देत नाही' असे सुनावले असते, तर तो निमूटपणे निघून गेला असता. प्रत्येक मागणीमागे असे काही दडलेले असते, असा याचा अर्थ नव्हे, तुमच्या लिपिकांच्या बाबतीत ते नव्हतेच. पण घरातला छळ, झोप उडवणारी चिंता, सांगता न येणारा गर्भपात हे सगळे माझ्या टेबलापर्यंत 'कंबरदुखी' किंवा 'व्हायरल' असे नाव घेऊनच आले आहे. खरे कारण कळल्यावर सर्टिफिकेटही खरेच देता येते. फक्त सरकारी नमुन्यात आजाराचे स्वरूप लिहावे लागते, तेव्हा कागदावर काय लिहिले जाणार आहे आणि तो कागद कोणाकोणाच्या हातांतून जाणार आहे, हे रुग्णाला आधी सांगा, आणि त्याची संमती असेल तरच पुढे जा.

मागील तारखेचा प्रश्न वेगळा आहे आणि तिथे थोडी मोकळीकही आहे. समजा, पाच दिवस तापाने घरीच पडून राहिलेला माणूस सहाव्या दिवशी चालत आला. ताप उतरला आहे, पण अंगावर पुरळ आहे, प्लेटलेट कमी झाल्याचा रिपोर्ट हातात आहे आणि उभे राहिल्यावर त्याला गरगरते. तुम्ही सर्टिफिकेटवर आजचीच तारीख घाला, आज तपासल्याचे लिहा, आज काय आढळले ते लिहा, आणि मागचे पाच दिवस 'रुग्णाच्या सांगण्यानुसार' अशा स्पष्ट शब्दांत नोंदवा. स्वतः पाहिलेले आणि ऐकलेले असे वेगळे मांडले की कागद खरा राहतो, मग रजा मंजूर करायची की नाही हे कार्यालयाने ठरवावे.

शेवटी, सर्टिफिकेटांचे वेगळे रजिस्टर आजच सुरू करा. दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटचा तपशील, रुग्णाची सही किंवा अंगठा, पत्ता, शरीरावरची निदान एक ओळखखूण आणि सर्टिफिकेटची प्रत हे सर्व ठेवणे विनियमांनी बंधनकारक केलेले आहे. त्याचा व्यवहारातला फायदाही मोठा आहे, कारण 'इथे नाव लिहावे लागते, सही करावी लागते आणि प्रत माझ्याकडे राहते' असे म्हणून रजिस्टर पुढे सरकवले की निम्मी माणसे आपणहून विषय बदलतात.

प्रश्न : माझा मुलगा नाशिकच्या एका महाविद्यालयात बारावी विज्ञान शाखेत शिकतो. क्लासमुळे त्याची हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली. महाविद्यालयाच्या कार्यालयातूनच आम्हाला 'मेडिकल आणून द्या, म्हणजे भागेल' असे सांगण्यात आले. वीस वर्षे आमचे फॅमिली डॉक्टर असलेल्या गृहस्थांनी मात्र कावीळ झाल्याचे सर्टिफिकेट द्यायला चक्क नकार दिला. मुलाच्या वर्षाचा प्रश्न असताना एवढे ताठर राहावे का? आम्ही फार दुखावलो आहोत.

उत्तर : तुमचे दुखावणे मला समजते. वीस वर्षांत त्या डॉक्टरांनी रात्री-अपरात्री फोन उचलला असेल, मुलाच्या लसींच्या तारखा लक्षात ठेवल्या असतील, आणि आज एका कागदासाठी त्यांनी पाठ फिरवली असे तुम्हाला वाटते आहे. परंतु ज्यांच्या शब्दावर तुम्ही वीस वर्षे औषध घेतले, त्यांच्या शब्दाला किंमत होती ती ते न पाहिलेले लिहीत नव्हते म्हणूनच. शिवाय सतरा वर्षांच्या मुलाच्या नावावर कावीळ लिहिली गेली की तो कागद फाईलमध्ये राहतो. पुढे विम्याच्या अर्जात किंवा नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत 'पूर्वी कावीळ झाली होती का' असा प्रश्न आला, तर हा मुलगा काय उत्तर देणार? हो म्हटले तर खोटे, नाही म्हटले तर त्याच्याच फाईलशी विसंगत. आणि हे सर्टिफिकेट महाविद्यालयात द्यायला बहुधा तो स्वतःच जाईल, याचाही विचार करा.

माझा राग खरे तर त्या कार्यालयावर आहे. विद्यार्थी महिनोन्महिने वर्गात नाहीत, हे तिथे रोज दिसत होते, तेव्हा पालकांना कळवायचे सोडून वर्षाच्या शेवटी डॉक्टरच्या सहीने आपली नोंद नीट करून घेणे, हा डॉक्टरवर आणि तुमच्यावरही अन्याय आहे. तुम्ही प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, हजेरी का कमी पडली ते खरे लिहा, उरलेल्या दिवसांत पूर्ण हजेरी आणि राहिलेली प्रात्यक्षिके पूर्ण करण्याची हमी द्या, आणि कमी हजेरी क्षमापित करण्याची विनंती करा. मुलाला एखाद्या महिन्यात खरोखर ताप आला असेल, तर त्या वेळचा केस पेपर दवाखान्यात असेल. तेवढ्या दिवसांचे सर्टिफिकेट तुमचे डॉक्टर आनंदाने देतील.

प्रश्न : मी चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. एका दिवसाचा ताप आला तरी कंपनी सर्टिफिकेट मागते, नाहीतर पगार कापते. पॅरासिटामॉल घेऊन घरी झोपलो तर बरा होतो, पण कागदासाठी तापात दवाखान्यात दोन तास बसावे लागते आणि फी वेगळी. दुसऱ्या दिवशी गेलो तर डॉक्टर म्हणतात, 'आता ताप नाही, काय लिहू?' आम्ही काय करायचे?

उत्तर : तुमची तक्रार पूर्णपणे रास्त आहे. एका दिवसाच्या तापासाठी सर्टिफिकेट मागणारा नियमच माणसाला खोटे बोलायला लावतो आणि डॉक्टरची खोली विनाकारण भरतो. ब्रिटनमध्ये आजारपणाच्या पहिल्या सात दिवसांसाठी कर्मचाऱ्याचे स्वतःचे लेखी निवेदन पुरते, त्यानंतरच डॉक्टरांचा कागद लागतो. आपल्याकडेही पहिल्या एक-दोन दिवसांसाठी असे निवेदन स्वीकारायला कोणत्याही व्यवस्थापनाला अडचण नसावी. चार-पाच जणांनी मिळून कंत्राटदाराकडे आणि कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडे तशी लेखी मागणी करा.

तुमचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि पगारातून कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेची वर्गणी कापली जात असेल, तर योजनेच्या दवाखान्यात तपासणी आणि सर्टिफिकेट या दोन्हींसाठी पैसे लागत नाहीत, आणि वर्गणीचे ठरलेले दिवस भरले असल्यास आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. मात्र आजारपणाचे पहिले दोन दिवस सहसा त्यात धरले जात नाहीत, त्यामुळे एका दिवसाच्या तापाला या योजनेचा आधार नाही. आठवडाभर अंथरुणाला खिळवणाऱ्या दुखण्यात मात्र तिचा मोठा उपयोग आहे, म्हणून पगारपत्रकावर ती वर्गणी दिसते का, एवढे या महिन्यात नक्की पाहा.

कंपनीचा नियम बदलेपर्यंत, शक्य असेल तर त्याच दिवशी जवळच्या दवाखान्यात जा. जाताच काउंटरवर सांगा की तापाची नोंद करून हवी आहे, म्हणजे कंपाउंडर किंवा सिस्टर लगेच थर्मामीटर लावून तापमान केस पेपरवर लिहील आणि डॉक्टरांना सर्टिफिकेट द्यायला आधार मिळेल. खरोखरच उठवत नसेल, तर घरी थर्मामीटरने मोजलेला ताप वेळेसह एका कागदावर लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांना दाखवा. 'रुग्णाच्या सांगण्यानुसार काल ताप होता, आज तपासणीत ताप नाही, अशक्तपणा आहे' असे लिहून द्यायला त्यांनी नकार देण्याचे कारण नाही, तेव्हा हे वाक्य त्यांच्याकडे निःसंकोच मागा.