प्रश्न तुमचे: शाळेतली भांडणं जातीवर जातात तेव्हा

प्रश्न: मुलगा नववीत आहे. दहावीतल्या पाच-सहा जणांनी त्याला जातीवरून शिवी दिली. त्याने उलट उत्तर दिलं म्हणून सायकल स्टँडपाशी धरून मारलं. शाळेने दोन्हीकडच्या मुलांना बोलावून हात मिळवायला लावले. आता ती मुलं ‘गेटबाहेर ये, बघून घेतो’ म्हणतात. पोलिसांत गेलो तर प्रकरण चिघळेल का? – एक पालक, सांगली जिल्हा

आधी आजची संध्याकाळ सांभाळा. अशा प्रकरणात तक्रारीनंतरचे पहिले एक-दोन दिवस फार धोक्याचे ठरू शकतात. ऑगस्ट 2023 मध्ये तमिळनाडूच्या तिरुनेलवेली जिल्ह्यात, नांगुनेरी इथे, बारावीतल्या एका दलित मुलाने शाळेतल्या मुलांच्या छळाला कंटाळून शाळेत जाणंच थांबवलं होतं. शाळेने विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं. त्याच रात्री ती मुलं कोयते घेऊन त्याच्या घरात शिरली. मध्ये पडलेली त्याची बहीणही जखमी झाली. तक्रार केली यात त्या मुलाचं काहीच चुकलं नव्हतं. मोठ्यांनी तक्रार ऐकून घेतली, पण त्या रात्रीपुरतं त्याला राखलं नाही.

म्हणून मुलाला निदान आठवडाभर एकट्याने ये-जा करू देऊ नका. शाळा सुटण्याआधी दहा मिनिटं त्याला सोडायला सांगा आणि घरचं मोठं माणूस गेटवर हजर ठेवा. धमकीचे मेसेज, स्टेटस यांचे स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असे काढा. स्टेटस 24 तासांत उडतं. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात नेऊन नोंद करून घ्या. फाटलेला, रक्ताचा शर्ट धुऊ नका.

मग लेखी तक्रार. तिच्या दोन प्रती करा, एक मुख्याध्यापकांना द्या आणि दुसरीवर तारखेसह पोच घ्या. शाळेत असो की पोलिसांत, पुष्कळ तक्रारी लिहिण्यातच फसतात. घरचे संकोचाने ‘मुलाला अपशब्द वापरले, त्रास दिला’ एवढंच लिहितात. ठाण्यात त्याची एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होते आणि विषय मिटतो. जी शिवी दिली ती जशीच्या तशी लिहा. जागा, वेळ, कोण बोललं, कोणी धरलं, कोणी मारलं आणि ती शिवी आणखी कोणी ऐकली, हे सगळं लिहा. मुलगा अनुसूचित जाती किंवा जमातीचा असेल तर शेवटचा तपशील फार मोलाचा, कारण अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात जातिवाचक अपमान चारचौघांच्या नजरेसमोर झाला का, हे पाहिलं जातं. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. ठाण्यात नोंदवून घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या. ताबडतोब मदत हवी असेल तर 112. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098.

हात मिळवायला लावण्याबद्दल आमचं मत ठाम आहे: हे करू नये. मार खाल्लेल्या मुलाला पाच जणांसमोर उभं करून ‘मिटलं’ म्हणायला लावलं की त्याला कळतं, शाळेला फक्त शांतता हवी आहे. मारणाऱ्यांनाही तेच कळतं. दोन्हीकडच्या मुलांशी वेगवेगळं, एकेकट्याने बोला. समेट व्हायचा असेल तर तो पुढे, मार खाल्लेल्या मुलाची खरंच तयारी असेल तेव्हा.

प्रश्न: आमच्या माध्यमिक शाळेत मुलं जातीप्रमाणे बाक धरतात, मनगटाला ठराविक रंगाचे दोरे, मोबाईलवर कोयत्याचे रील. बंदी घातली तर पुरेल का? – एक शिक्षिका

नांगुनेरीनंतर नेमलेल्या न्या. के. चंद्रू समितीने जून 2024 मध्ये अहवाल दिला. त्यात जात दाखवणाऱ्या रंगीत दोऱ्यांवर, अंगठ्यांवर आणि टिळ्यांवर बंदी सुचवली होती आणि बाकावर आद्याक्षराप्रमाणे बसवायलाही सांगितलं होतं. दोरे काढायला लावा, पण तेवढ्यावर थांबलात तर खूण मनगटावरून गाडीच्या स्टिकरवर आणि स्टेटसवर जाईल. आद्याक्षराप्रमाणे बसवणं जास्त उपयोगी. मात्र ते एका वर्गात नको, सगळ्या तुकड्यांत एकाच दिवशी सुरू करा, म्हणजे कोणाला आपल्यावरच रोख आहे असं वाटणार नाही.

शाळा स्वतः जात कुठे पुकारते तेही तपासा. ‘एससीची मुलं उभी राहा, शिष्यवृत्तीचे फॉर्म आलेत’ हे वाक्य आजही वर्गात म्हटलं जातं. मधल्या सुट्टीत त्यावरूनच टोमणे सुरू होतात. फॉर्म कार्यालयातून, एकेकाला बोलावून द्या.

मारामारी सहसा वर्गात होत नाही. ती पाण्याच्या टाकीपाशी, मुतारीमागे, सायकल स्टँडवर, नाहीतर एसटी थांब्यावर होते. तिथे मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना दोन-दोन शिक्षक ठेवा. जयंती-मिरवणुकांच्या दिवसांत स्टेटसवरून ठिणग्या पडतात, तेव्हा दोन्ही बाजूंच्या पालकांशी आठवडाभर आधीच बोला. आणि एक नोंदवही ठेवा: तारीख, जागा, शब्द, काय केलं. तीन किरकोळ नोंदी सलग त्याच नावांच्या दिसल्या की चौथीची वाट पाहू नका.

प्रश्न: सोळा वर्षांचा मुलगा ग्रुपबरोबर होता, त्याने हात लावला नाही. पोलीस घेऊन गेलेत. काय करू? – एक आई

‘हात लावला नाही’ एवढ्यावर भिस्त ठेवू नका. पाच किंवा जास्त जण बेकायदा हेतूने जमले की तो बेकायदा जमाव, आणि त्या हेतूने केलेल्या गुन्ह्याला सोबतचेही जबाबदार धरले जातात. पण तो 18 च्या आतला आहे, म्हणून त्याला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत आणि 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण, ते विचारा. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र लगेच सोबत घ्या. वय ठरवताना आधी तेच पाहतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो.

जामीन हा नियम आहे. तो नाकारला जातो तो बाहेर सोडल्यावर मुलगा गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्या जिवाला धोका होईल किंवा न्यायात अडथळा येईल असं मंडळाला वाटलं तर. त्यामुळे तो पुढचे महिने कुठे राहील, कोणाच्या नजरेखाली, हे ठरवूनच जा. खुनासारख्या, किमान 7 वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यात मात्र 16 वर्षं पूर्ण झालेल्या मुलाची मंडळाकडून प्राथमिक तपासणी होऊन खटला मोठ्या माणसासारखा चालवण्यासाठी बाल न्यायालयात जाऊ शकतो.

समोरच्या घरी ‘तक्रार मागे घ्या’ म्हणायला माणसं पाठवू नका. ती दमदाटी ठरते आणि जामिनाच्या आड येते. कोणाही मुलाचं नाव, फोटो, व्हिडिओ गावच्या ग्रुपवर फिरवू नका, फिरवू देऊ नका. त्याला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही.

प्रश्न: सातवीतल्या मुलाला मारामारीबद्दल शाळा दाखला हातात देते आहे. देता येतो का? – एक वडील

नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. ‘पालकांच्या विनंतीवरून’ असा अर्ज तुमच्याकडून लिहून घेतील. त्यावर सही करू नका आणि त्याच दिवशी गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा.