घरात भट्टी नाही, प्रेस नाही. सोसायटीतल्या लोकांना घेऊन क्ले प्रिंटिंग जमेल का? आणि हे खरं प्रिंटमेकिंग आहे का?

प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडला राहता, क्ले मोनोप्रिंटचे (ओल्या मातीच्या लादीवर रंगीत पातळ मातीने चित्र काढून ते दाबून कापडावर उतरवायचं) व्हिडिओ पाहिलेत, सोसायटीतल्या पंधरा-वीस जणांची एक दिवसाची कार्यशाळा घ्यायची आहे. खर्च किती येईल, आणि याला प्रिंटमेकिंग म्हणायचं का?

जमेल. पण एक दिवसाची कार्यशाळा करू नका. का ते पुढे येईलच. आधी शेवटचा प्रश्न घेते, कारण तो मला गेली कित्येक वर्षं एक मित्र ऐकवतोय. तो एचिंग करतो, म्हणजे धातूच्या पाटीवर आम्लाने रेघा कोरून तिच्यावरून छापतो. त्याचं म्हणणं, ‘एडिशन, म्हणजे एकसारख्या अनेक प्रती, निघत नाही ते प्रिंट कसलं? चित्र म्हण आणि मोकळी हो.’ अहो, मोनोटाइपची, म्हणजे कोऱ्या पाटीवर रंगाने चित्र काढून ते कागदावर उतरवायच्या प्रकाराची, एडिशन कधी निघाली? सतराव्या शतकात कास्टिल्योनेने केले, एकोणिसाव्यात देगाने केले, त्यांना कोणी प्रिंटच्या दालनातून बाहेर काढलेलं नाही. शिवाय मोनोटाइपची पाटी पुसली की कोरी होते. मातीची लादी कोरी होत नाही. आधीच्या कामाचा थर, ओरखडा, रंगाची छटा तिच्यात राहते आणि पुढच्या प्रिंटमध्ये उमटते. म्हणून याला मोनोटाइप नाही, मोनोप्रिंट म्हणायचं. हे तंत्र अमेरिकेतल्या मिच लायन्स या कुंभकलाकाराने रुजवलं, आणि तो एकच लादी वर्षानुवर्षं वापरत असे. मूळ साचा लादी आहे, कागद किंवा कापड नव्हे. हे डोक्यात बसलं की सोसायटीत काय करायचं तेही आपोआप कळतं.

लादीसाठी साधारण ६० बाय ४५ सेंटिमीटरची प्लायवूडची पाटी घ्या आणि कडेने अडीच सेंटिमीटर उंचीच्या पट्ट्या ठोका. यात ओली माती जवळजवळ १३ किलो बसते, म्हणजे पाटीसकट उचलायला दोघं लागतात. प्लायला आधी वॉर्निश मारा, नाहीतर महिन्याभरात ते फुगतं. तळाशी जुनी सुती चादर अंथरा. माती थेट लाकडाला चिकटली तर आकसताना तिला सरकता येत नाही आणि मधोमध तडा जातो. तडा गेलाच तर त्यात पातळ माती भरू नका, ती वाळून पुन्हा आकसते आणि तडा आणखी रुंदावतो. लादीइतक्याच कडक मातीची वळी व्हिनेगरमध्ये कालवलेल्या मातीत बुडवून दाबून बसवा.

माती कुंभाराकडची चालते. मुंढव्याला केशवनगरच्या कुंभारवाड्यात मिळते, पण ती लाल असते आणि फिकट रंगांत तिची लाली उतरते. आधी पांढऱ्या घोळाचे, म्हणजे पाण्यात कालवलेल्या पातळ चिनी मातीचे, तीन-चार हात द्यावे लागतात. पांढरी स्टोनवेअर माती, म्हणजे सिरॅमिकवाले वापरतात ती, उत्तम. तिसरा पर्याय शाडू.

आता शाडूबद्दल जरा सविस्तर, कारण आमच्या इमारतीत सगळा गोंधळ इथेच झाला. विसर्जनानंतरचा शाडू परत गोळा करायची ‘पुनरावर्तन’ मोहीम पुण्यात चालते. आम्ही म्हटलं, आपल्याच अकरा घरांच्या मूर्तींची लादी करू. फूटभर मूर्तीत तीन-चार किलो माती सहज निघते, चार-पाच मूर्तींत एक लादी भागते. काही जण बिचकले, बाप्पाच्या मातीवर लाटणं फिरवायचं? त्यांना आग्रह केला नाही. एका आजींनी मूठभर माती तुळशीसाठी मागून घेतली आणि बाकीची बादली स्वतः आणून दिली. विचारून घेतलं की लोक देतात. न विचारता घेतलं असतं तर पुढच्या वर्षी कोणी दारही उघडलं नसतं.

बादल्या आल्या, सगळ्या एका पिंपात ओतल्या. इथे चुकलं. एका घरी मूर्ती पीओपीची होती आणि त्यांनी ती महापालिका वाटते त्या अमोनियम बायकार्बोनेटमध्ये विरघळवली होती. त्यातून तळाशी जो पांढरा गाळ उरतो तो माती नसतो, खडू असतो, कॅल्शियम कार्बोनेट. त्याला चिकटपणा नाही. आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उतरलेलं असतं. लादी तीन दिवस छान दिसली. चौथ्या दिवशी वर पांढरी साय धरली, कारण पाणी उडताना क्षार पृष्ठभागावर येतो. आठवड्यात कोरड्या तळ्यासारखी भेगाळली. कापड लावलं की रंगाऐवजी पोपडे यायचे. वीसेक किलो माल टाकून द्यावा लागला. तेव्हापासून प्रत्येक बादलीतला चमचाभर गाळ वेगळा काढून त्यावर व्हिनेगर टाकते. जोरात फसफसलं तर ती बादली बाजूला.

चांगला शाडूही तसाच वापरता येत नाही. त्यात काथ्या, चमकी, रंगाचे पापुद्रे असतात. माती पूर्ण वाळवा, फोडा, मग भरपूर पाण्यात टाका आणि रात्रभर हात लावू नका. अर्धवट ओली माती भिजवली तर गाठी राहतात, वाळलेली आपोआप विरते. सकाळी वरचं रंगीत पाणी काढून टाका आणि खालचा लगदा ८० मेशच्या (इंचाला ८० भोकं असलेल्या बारीक) चाळणीतून गाळा. काथ्याचा एक तुकडा राहिला तरी तो प्रत्येक प्रिंटवर रेघ ओढतो. जुन्या चादरीत टांगून पाणी निथळू द्या. कणकेसारखी झाली की मळा आणि पाटीत कोपऱ्यांपासून दाबत भरा.

प्रिंट काढायची वेळ ओळखायची ती नखाने. नख दाबलं तर खूण उठली पाहिजे, बोट टेकवलं तर चिकटता कामा नये. एप्रिल-मेच्या दुपारी पुण्यात कडा वीस मिनिटांत कोरड्या पडतात, फवाऱ्याची बाटली हातात ठेवा. जुलैत उलट, रंगाचा हात तासभर ओलाच राहतो. तेव्हा पंखा लांब ठेवून लावा. हेअर ड्रायर नको, वर पापुद्रा धरतो आणि आत चिखल राहतो.

रंगाचा घोळ असा: एक किलो चिनी मातीला साधारण ९०० मिलिलिटर पाणी. पाण्यात माती टाकायची, मातीत पाणी नाही, आणि रात्रभर ढवळायचं नाही. गाळून भज्यांच्या पिठाइतकं सैल ठेवा. रंगासाठी हार्डवेअरच्या दुकानातला लाल ऑक्साइड, दर १०० ग्रॅम कोरड्या चिनी मातीला १५ ते २० ग्रॅम. पिवळा ऑक्साइड ३० पर्यंत लागतो, चिनी माती त्याला फिकं करते. भिंतीच्या रंगाचे स्टेनरही चालतात, पण थेंबाथेंबाने. भट्टीत जायचं नाही, त्यामुळे सिरॅमिकच्या महागड्या रंगांवर पैसे घालवू नका. ओला घोळ नेहमी गडद दिसतो, म्हणून कापडाच्या तुकड्यावर वाळवून बघा. रंगाची पूड फार झाली तर वाळल्यावर ती हाताला लागते. रांगोळी कोणी ना कोणी घेऊन येतंच. ती घेऊ नका, ती रंगवलेली दगडाची भरड असते, लादीत रुतते आणि रंग सोडते. द्रव नीळही नको, तो डाय आहे, पसरतो आणि उन्हात उडतो.

आणि घोळात फेविकॉल घालायचा मोह टाळा. प्रिंट पक्की होते हे खरं, पण लादीवर प्लास्टिकसारखी कातडी धरते आणि पुढचा थर बसत नाही.

चित्र थेट लादीवर ब्रशने काढता येतं, पण मला कागदाची पद्धत जास्त भरवशाची वाटते. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदावर घोळाचे दोन-तीन हात द्या, ओली चमक गेली की कापून लादीवर उपडा ठेवा, लाटणं फिरवा, कागद सोलून काढा. अक्षरं लिहायची असतील तर हाच मार्ग. कागदावर सरळ लिहिलेलं लादीवर उलटं बसतं आणि प्रिंटमध्ये पुन्हा सरळ येतं. सगळे थर लाटून एका पातळीत आणायचे. उंचवटा राहिला तर त्याच्या भोवती कापड टेकत नाही आणि पांढरी कड राहते.

कापड म्हणजे शिवणाच्या दुकानात कॉलरमध्ये घालायला मिळतं ते नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेलं. रविवार पेठेत मागितलंत तर दुकानदार आधी पेस्टिंग काढेल. त्याच्या एका बाजूला गोंदाचे चकचकीत ठिपके असतात, तिथे माती धरत नाही. बिनगोंदाचं मागा. बाजारच्या पिशव्यांचं कापड तर अजिबात नको, पाणी पीत नाही आणि त्याचे दाबलेले ठिपके प्रिंटभर दिसतात. कापड भिजवून, पिळून, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. पिळून झटकलेल्या साडीइतकं ओलं हवं. लादीवर पसरा, मधून कडेकडे हवा काढा, वर प्लास्टिक ठेवून लाटणं फिरवा, मग चमच्याच्या पाठीने घासा. एक कोपरा उचलून बघा. फिकं असेल तर सगळं कापड न उचलता वरून बारीक फवारा मारून पुन्हा घासा. पाणी जास्त झालं तर रंग एकमेकांत सरकतात आणि त्यावर इलाज नाही. निघतो तो रंगाचा अगदी पातळ थर, म्हणून एकाच चित्राचे दोन-तीन प्रिंट निघतात, प्रत्येक आधीच्यापेक्षा फिका. दुसऱ्याला प्रिंटवाले घोस्ट म्हणतात. मला बऱ्याचदा तोच आवडतो.

आता वीस जणांची एक दिवसाची कार्यशाळा. एका लादीभोवती चार माणसं मावतात, एका प्रिंटला सुरुवातीला पाऊण तास लागतो. हिशेब तुम्हीच करा. पंधरा जण उभे राहून मोबाइल बघणार, आणि कमिटी विचारणार की प्रत्येकाला घरी न्यायला काय मिळालं. त्यापेक्षा एकच लादी जिन्याखाली ठेवा आणि वर्षभर दर रविवारी सकाळी दोन तास चार-पाच जणांना बसू द्या. पुसायची नाही, फक्त पत्र्याच्या पट्टीने उंचवटे खरवडायचे. आमच्याकडे दुसऱ्या वेळच्या लादीत दिवाळीत मुलांनी काढलेल्या किल्ल्याची रेघ उन्हाळ्यात चौथ्या मजल्यावरच्या काकांच्या झाडात उमटली. काकांनी भांडण काढलं, मग तोच प्रिंट मागून नेला. माझ्या एचिंगवाल्या मित्राला मी हेच सांगते: बाबा, तुझ्या पन्नासही प्रती सारख्या असतात, आमच्या लादीवर कोणाचं काम कोणात मिसळलं ते सांगताच येत नाही. पन्नास प्रती आम्हाला नकोच आहेत. तो म्हणतो, मग सही कोणाची? त्याचं उत्तर आम्ही अजून ठरवलेलं नाही. सध्या मागच्या बाजूला तारीख घालतो.

खर्चाचा आकडा देत नाही, दुकानागणिक बदलतो. यादी द्या आणि भाव काढा: पाटी, १५ किलो माती, दोन किलो चिनी माती, लाल आणि पिवळा ऑक्साइड, पाच मीटर कापड, लाटणं, फवारा. सगळ्यात जास्त पैसे कापडाला जातात आणि पुढे काचेच्या फ्रेमला. फ्रेम लागतेच, कारण वाळलेली माती घासली की झडते.

राहिलेल्या गोष्टी. हात आणि ब्रश बेसिनमध्ये धुऊ नका. माती ट्रॅपमध्ये बसते, एकदा चेंबर तुंबलं की सोसायटीतलं क्ले प्रिंटिंग कायमचं संपतं. तीन बादल्या ठेवा, क्रमाने धुवा, रात्रभर गाळ बसू द्या, वरचं पाणी झाडांना घाला. सांडलेली माती झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. तिच्या धुळीत सिलिका असते. चिनी मातीची पूड ओतताना एन-९५ मास्क लावा, ते काम मुलांना देऊ नका. हार्डवेअरमधला क्रोम पिवळा कितीही सुंदर दिसला तरी घेऊ नका, त्यात शिसं असतं. पावसाळ्यात लादीला वास आला, काळे ठिपके दिसले तर घाबरू नका. ठिपके खरवडून काढा आणि लादीवर झाकलेलं प्लास्टिक दिवसभर उघडं ठेवा. वासाची माती उलट जास्त लवचिक होते, फक्त जिन्याखालच्या घरातल्या लोकांना आधी सांगून ठेवा.