गणेश चवथीला येताना टाचणवही आण

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन ठेवला आणि रात्री कितीतरी वेळ तेच डोक्यात घोळत राहिलं. "मला नाही जमणार, बाई," असं तीनदा म्हणालीस. जूनमध्ये शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झालीस, आता श्रावण चालू आहे. एवढ्यात जमलं असतं तर मलाच संशय आला असता.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली माझी पहिली शाळा एकशिक्षकी. पहिली ते चौथी एकाच खोलीत. कौलांवर पाऊस असा, की चौथीचं उत्तर ऐकायला त्यांच्या बाकापाशी जावं लागे, तोवर पहिलीवाले बाकाखाली. एका पोराला तक्त्यावरचं 'मासा' वाचायला सांगितलं. तो म्हणाला, 'नुस्तें'. पुन्हा सांगितलं, पुन्हा 'नुस्तें'. मी ओरडले. पंधरा दिवस तो तोंडातून शब्द काढेना, आणि मी घरी राजीनामा लिहून ठेवला.

वाळपईच्या बसमध्ये शेजारच्या गावातल्या जुन्या बाई भेटायच्या. त्यांच्यापाशी रडले. त्या म्हणाल्या, "चुकला कुठं तो? त्यानं चित्र वाचलं." दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'नुस्तें' आणि 'मासा' दोन्ही लिहिलं. तर हळूच आवाज आला, "बाई, बांगडो बरय." म्हणजे, बांगडा लिहा. घरी कोंकणी, पुस्तकात मराठी, पोरं रोज ही उडी मारतात हे मला प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

त्या बाई नसत्या तर मी वर्षभरही टिकले नसते. चिकाटी वगैरे म्हणतात ती पुष्कळ नंतर आली. तेव्हा आधी तुझ्या वाटेवरची अशी एक बाई शोध. (तपासणीला येणारे साहेब त्या कामाचे नाहीत, भले कितीही चांगले असोत.)

चारही वर्ग एकदम शिकवायचा हट्ट सोड. सकाळची गोष्ट सगळ्यांना एकत्र सांग, मग तिसरी-चौथीला लेखन दे आणि तू पहिली-दुसरीत बस. चौथीतली एखादी धिटुकली पहिलीचं वाचन तुझ्याहून बरं घेईल. यूडायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची माहिती, मध्यान्ह आहाराची नोंद शाळेतच उरक, घरी नेऊ नकोस. राहिलं तर उद्या.

आणि टाचणवहीच्या, म्हणजे पाठाची तयारी लिहितेस त्या वहीच्या, मागच्या पानांवर रोज एक ओळ लिही: आज काय फसलं, कोण काय बोललं. साहेबांसाठी नव्हे.

चवथीला घरी ये, नेवऱ्या करते. वही आण. पुढची पानं मी बघणार नाही.

तुझी,
बाई