वाचकांचे प्रश्न : तेरा की पंधरा?

प्रश्न : ताई, आमची आजी विड्या वळत वळत जात्यावरच्या ओव्या म्हणायची, तिच्यामुळं मला गाण्याचा नाद लागला. हल्ली लॉरेटा लिन ही अमेरिकेतली कंट्री (म्हणजे तिकडची गावाकडची गाणी) सिंगर ऐकतोय. मैत्रीण म्हणते तिचं १३व्या वर्षीच लग्न झालं आणि नवऱ्यानं तिला मोठं केलं. खरं काय?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : १३ नाही, १५. म्हणजे तेही पोरवयच की! ती स्वतःच कितीतरी वर्षं १३ सांगायची, शेवटी २०१२ला पत्रकारांनी जुने कागद शोधले तेव्हा कळलं, जन्म १४ एप्रिल १९३२ आणि लग्न जानेवारी १९४८, करा हिशोब, सोळाला तीन महिने कमी.

गाव केंटकीच्या डोंगरात, बाप कोळशाच्या खाणीत, आठ भावंडं, त्यात ही दुसरी. लग्न झाल्यावर नवरा तिला घेऊन पार देशाच्या दुसऱ्या टोकाला गेला, कस्टर नावाचं गाव, तिथून कॅनडाची बॉर्डर जवळच (आपण बॉर्डरवाले, म्हणून मला हे उगीच आवडलं). १९५३ला त्यानंच १७ डॉलरची गिटार आणून दिली, तोवर चार लेकरं झालेली, घरकाम उरकून ती आपली आपणच शिकली. त्यानंच मागं लागून तिला क्लबात गायला लावलं हे खरं, पण तोच दारू प्यायचा आणि बाहेरख्याली होता हेही तिनंच सांगितलंय, त्या भांडणांचीच तर तिनं गाणी केली! त्यामुळं सगळं क्रेडिट नवऱ्याला द्यायला मी काही तयार नाही बघा.

१९६०ला पहिली रेकॉर्ड निघाली, कंपनी अगदीच छोटी, जाहिरात कोण करणार, मग दोघं गाडीत रेकॉर्डी भरून एकेका रेडिओ स्टेशनला जायचे, लावा म्हणून विनवायचे, रात्री गाडीतच झोपायचं, आपल्याकडं सौंदत्तीच्या जत्रेला बैलगाडीत मुक्काम करत जायचे ना तसं. गाणं कंट्रीच्या यादीत १४व्या नंबरपर्यंत गेलं आणि त्याच ऑक्टोबरात नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या गाण्याच्या कार्यक्रमात, म्हणजे कंट्रीवाल्यांच्या पंढरीतच, ती गायला उभी राहिली. पुढं १९७२ला कंट्री म्युझिक असोसिएशनचा सगळ्यात मोठा अवॉर्ड मिळवणारी पहिली बाई.

खाण कामगाराच्या लेकीचं तिचं १९७०चं गाणं, ‘कोल मायनर्स डॉटर’, ऐकलं नसेल तर ऐका. त्यात आईची बोटं कपडे घासून घासून रक्ताळलेली असतात, तुम्हाला आजीची बोटं आठवतील.