डोमेन नावाचा इसार दिला, पूर्वेतिहास मात्र नंतर कळला

प्रश्न : चामड्याच्या बॅगांच्या व्यवसायासाठी मी एक डॉट कॉम डोमेन नाव विकत घेण्याचे ठरवून विक्रेत्याला इसार दिला. नाव १२ वर्षे जुने असून त्याचा इतिहास स्वच्छ आहे, असे त्याने ई-मेलमध्ये लिहिले होते. नंतर वेबॅक मशीनवर (संकेतस्थळांची जुनी पाने जपणाऱ्या संग्रहात) पाहिले, तर तीन वर्षांपूर्वी तिथे एका प्रसिद्ध ब्रँडच्या नावाने नकली बूट विकले जात होते. डोमेनमधील पहिला शब्दही त्या ब्रँडशी मिळताजुळता आहे. उरलेली रक्कम आठ दिवसांत द्यायची आहे. जुन्या मालकाच्या कृत्याची जबाबदारी माझ्यावर येईल का, आणि व्यवहार मोडता येईल का?

उत्तर : नकली बुटांच्या जुन्या विक्रीची भरपाई सहसा तुमच्याकडे मागता येणार नाही, कारण ते कृत्य तुमचे नाही. धोका वेगळा आहे, तो म्हणजे पैसे देऊन घेतलेले नावच हातचे जाण्याचा. डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने १९९९ साली स्वीकारलेल्या यूडीआरपी या तंटा-निवारण धोरणानुसार ट्रेडमार्कच्या मालकाला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : नाव त्याच्या ट्रेडमार्कसारखे किंवा संभ्रम निर्माण करण्याइतके जवळचे आहे, धारकाचा त्यावर कोणताही वैध हक्क वा हितसंबंध नाही आणि ते वाईट हेतूने नोंदवून वापरलेही जात आहे. त्या सिद्ध झाल्या की नाव रद्द होते किंवा तक्रारदाराकडे जाते. तुम्ही मोजलेली किंमत त्या प्रक्रियेत कोणी परत करत नाही.

यातील हेतू पाहताना निर्णय देणारे पॅनेल साधारणपणे सध्याच्या धारकाने नाव घेतले तो दिवस धरते, मूळ नोंदणीचा नव्हे. म्हणून १२ वर्षांच्या वयाचा तुम्हाला बचावासाठी फारसा उपयोग नाही. (मुदत संपून लिलावात गेलेल्या नावाचीही मूळ नोंदणी-तारीख बहुधा कायम राहते, मालक मात्र बदललेला असतो, विक्रेते हे सांगत नाहीत.) उलट, ती जुनी पाने तुम्ही खरेदीपूर्वी पाहिली आहेत, आणि बॅगा हा माल बुटांपासून फार दूरचा नाही. हे माहीत असूनही उरलेली रक्कम दिलीत, तर अजाणतेपणाचा बचाव तुम्हाला घेता येणार नाही.

तेव्हा आधी त्या पानांच्या प्रती तारखेसह जपून ठेवा. वेबॅक मशीनमध्ये मध्येच काही वर्षे कोरी असतील, तर ती निर्दोष समजू नका. साइटच्या मालकाला नोंद रोखता येते. वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या निर्णयसंग्रहात हे नाव शोधा. गूगल सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या साधनातील मॅन्युअल ॲक्शनचा, म्हणजे गूगलने साइटवर केलेल्या कारवाईचा, अहवाल साइटचा पडताळलेला मालक आणि त्याने जोडलेले वापरकर्ते यांनाच दिसतो, त्यामुळे विक्रेत्याने तुम्हाला तात्पुरता वापरकर्ता म्हणून जोडावे असा आग्रह धरा. स्क्रीनशॉटवर समाधान मानू नका. स्पॅम पाठवणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेच्या यादीत नाव असेल, तर पुढे तुमचे व्यावसायिक मेल ग्राहकांपर्यंत पोहोचणे अवघड जाईल.

आता इसाराविषयी. ज्या विधानावर विसंबून तुम्ही पैसे दिले ते महत्त्वाच्या बाबतीत खोटे असेल, तर बहुतेक कायदेपद्धतींत फसल्या गेलेल्या पक्षाला करार रद्द करून रक्कम परत मागता येते. मात्र खरी गोष्ट कळल्यावरही व्यवहार पुढे रेटला, तर तो हक्क सोडून दिला असे मानले जाऊ शकते. ‘स्वच्छ’ हा शब्द मोघम आहे आणि विक्रेता त्याचाच आधार घेईल. तरी नकली मालाच्या विक्रीला कोणी स्वच्छ इतिहास म्हणेल, असे मला वाटत नाही.

माझे मत स्पष्टच सांगतो : ब्रँडशी इतके जवळचे नाव सवलतीतही घेऊ नये. मुदत संपण्यापूर्वी विक्रेत्याला ई-मेलने कळवा की, त्याच्या अमुक तारखेच्या विधानावर विसंबून इसार दिला होता, सोबतच्या पानांवरून ते खोटे दिसते, म्हणून करार रद्द करत आहात आणि रक्कम परत हवी आहे. मूळ ई-मेल आणि पैसे दिल्याची पावती त्याच पत्राला जोडा, आणि लेखी उत्तर येईपर्यंत फोनवर कोणतीही तडजोड मान्य करू नका.