घर बघून घेतलंत ना?

प्रश्न: दोन महिन्यांपूर्वी जाहिरात बघून घर भाड्याने घेतलं. जाहिरातीत 'अभ्यासाची स्वतंत्र खोली, राखीव पार्किंग, चोवीस तास गरम पाणी' असं होतं. अभ्यासाची खोली म्हणजे बिनखिडकीची अडगळ. पार्किंगच्या जागेत मालकांच्या मुलाची गाडी कायम उभी. गरम पाणी सोलरचं. सकाळी पहिली दीड बादली गार, आणि संध्याकाळनंतर येतच नाही. मालक म्हणतात, "घर बघूनच घेतलंत ना?" भाडं थांबवू का?

उत्तर: मुळीच थांबवू नका. आज तक्रार तुमची आहे. भाडं थकलं की ती मालकांची होईल, आणि मग तुमच्या बादलीकडे कोणी बघणार नाही.

खोलीचं सोडून द्या. खिडकी नाही हे दारातूनच दिसतं, तिथे मालकांचं म्हणणं लागू पडतं. पार्किंगचं तसं नाही. 'प्रशस्त', 'हवेशीर' हे कौतुकाचे शब्द, त्यांवर भांडता येत नाही. 'राखीव' म्हणजे राखीव. करारात त्याचा उल्लेख आहे का बघा. 'करारात लिहिलंय तेवढंच धरायचं' अशा अर्थाचं कलम असेल, तर आधी वकिलाला दाखवा.

पाण्याची बाजू सगळ्यात भक्कम. घर बघायला आलेला माणूस अंघोळ करून बघत नाही. मात्र दीड बादलीवर जोर देऊ नका. गच्चीपासून तुमच्या नळापर्यंतच्या पाइपात रात्रभर थांबलेलं ते पाणी, थोडंफार सगळीकडेच गार येतं. संध्याकाळनंतर गरम पाणीच नाही, हे धरून ठेवा. आठ दिवस सकाळी ७ आणि रात्री ९ वाजता बादलीत थर्मामीटर बुडवा, आकडा तारखेसह वहीत लिहा. जाहिरात अजून दिसत असेल तर आजच तिचा स्क्रीनशॉट घ्या. भांडण लागलं की जाहिराती गायब होतात.

मी २२ वर्षं भाड्याच्या घरांत काढली. 'शांत' म्हणून घेतलेलं एक घर मी रविवारी दुपारी पाहिलं होतं. रात्री कळलं, उशामागच्या भिंतीपलीकडे लिफ्टची मोटर. उशी पायथ्याला नेली, कानात कापूस घातला आणि संकोचाने पाच महिने गप्प बसले. मग बोलले, तर मालक म्हणाले, "पाच महिने झोपलातच ना?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

तुमचे दोनच महिने झालेत. वहीचे आठ दिवस भरले की मालकांना लेखी कळवा, फोनवर नको. जाहिरातीतलं वाक्य जसंच्या तसं, त्याखाली तुमचे आकडे, आणि काय हवंय ते एकच: गीझर बसवून द्या, भाडं कमी करा, किंवा डिपॉझिट परत देऊन मोकळं करा. तिन्ही एकदम मागितलंत तर नुसती चर्चाच होईल. मी असते तर गीझर मागितला असता. आणि गाडी अमुक तारखेपर्यंत हलवा, एवढी एक ओळ खाली.